आडनावात बदल असल्यास कारण

जात पडताळणीच्या अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं, त्याच्या नमुन्यात एक रकाना होता : 'आडनावात बदल असल्यास कारण'. पुढे एक ओळ मोकळी. मी पट्टीने मोजली. साडेअकरा सेंटिमीटर. माझ्या नेहमीच्या अक्षरात तिथे आठ शब्द बसतात, बारीक लिहिलं तर दहा. मी शेवटी एकच शब्द लिहिला. तो खोटा नव्हता. तरीही त्याबद्दल लिहून ठेवणं मला भाग आहे.

आमचं आडनाव मापारी. मापारी म्हणजे गावाचं धान्य मोजून देणारा. खळ्यावर रास झाली, किंवा साठवणीचं पेव उघडलं, की तो माप घेऊन बसायचा आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचं मोजून द्यायचा. हे आडनाव लावणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे ते मानानेच आलं असणार. मी लिहितो आहे ते फक्त आमच्या घराबद्दल.

लहानपणापासून मला या आडनावाचा अभिमान होता, आणि तो लपवायचं मला कधी सुचलं नाही. सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत वॉचमन वहीत 'मापरी' लिहितो, कुरियरवाला 'मोपारी' म्हणून हाक मारतो. मी दोघांनाही थांबवून दुरुस्त करतो. महापेला मी ज्या कारखान्यात आहे तिथे माझं काम वजन तपासण्याचं आहे. चालू पट्ट्यावरून मधूनच एक पाकीट उचलायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा. पाचशेचं पाकीट कमी भरलं की अख्खं खोकं मागे जातं. पॅकिंगवाली पोरं वैतागतात. "मापारीसाहेब, चार ग्रॅमसाठी कोण रडतंय का?" असं म्हणतात. मी म्हणतो, पाकिटावर जो आकडा छापला आहे तो रडतोय. चहाच्या वेळी कोणीतरी अर्धा कप पुढे करून हमखास म्हणतं, "मोजून घ्या, साहेब." तीस वर्षं हाच विनोद चालला आहे.

माझे वडील, दादा, तुर्भ्याच्या धान्यबाजारात मापाडी होते. पोतं काट्यावर यायचं, दादा आकडा मोठ्याने सांगायचे, दुसरा कोणी तो टिपून घ्यायचा. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. दिवसाचं पहिलं पोतं काट्यावर आलं की ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मापाऱ्याची मोजणी तशीच असते : लाभ, दोन, तीन, चार. पहिल्या मापाला आकडा द्यायचा नाही, धान्याला बरं वाटेल असा शब्द द्यायचा. बाजारातले व्यापारी हसायचे. "बाबा, लाभ आमचा का तुमचा?" विचारायचे. दादा म्हणायचे, "पोत्याचा."

आई गेल्यापासून घरातला भाताचा तांदूळ दादाच मोजून देतात. त्यांच्याकडे गावाहून आणलेलं लोखंडी चिपटं आहे, शेराचा चौथा भाग मावतो एवढं माप. ते डब्यात बुडवायचं, वर शीग येईपर्यंत भरायचं, मग तळव्याने शीग हलकेच सपाट करायची आणि म्हणायचं, "लाभ." दुसऱ्याला "दोन." आम्ही चौघं, मी, बायको, मुलगी आणि दादा, म्हणून दोनच चिपटी. पाहुणा आला तर तीन. माझी मुलगी बालवाडीत गेली तेव्हा बाईंनी एक बोट दाखवून विचारलं, हे किती? ती म्हणाली, "लाभ." बाईंनी मला बोलावून घेतलं आणि घरी पोरीला काय शिकवता म्हणून विचारलं. आम्ही दोन दिवस हसत होतो. दादा सर्वांत जास्त.

आडनावाची गोष्ट दादांनी मला एकदाच सांगितली होती, तीही चार वाक्यांत. "गावाचं पेव उघडलं की माझा आजा माप घेऊन बसायचा. साऱ्या गावाचा इस्वास. म्हणून आपण मापारी. माप कधी खोटं करायचं न्हाई." मी आणखी विचारलं की ते उठून जायचे. मला वाटायचं, त्यांना एवढंच माहीत असेल. आम्ही गावी फारसं गेलोही नाही. दादांच्या पिढीपासून जाणं सुटलं होतं. का सुटलं, याची चौकशी मी कधी केली नाही. काट्यावरच्या आकड्याला शंभर प्रश्न विचारणाऱ्या माणसाने हे विचारायचं सोडून दिलं होतं, हे माझ्या आता लक्षात येतं.

बारावीनंतर मुलीला फिजिओथेरपीला जायचं होतं. गुण चांगले होते, पण खुल्या जागेला पुरणारे नव्हते. त्याच सुमारास जुन्या वह्यांमधल्या कुणबी नोंदी शोधायची धावपळ सगळीकडे चालू होती. आमच्या गावच्या जन्ममृत्यूच्या वहीची मोडीतली पानं एका जाणकाराने वाचून दिली. त्यात माझ्या आजोबांच्या जन्माची नोंद निघाली. बापाचं नाव बरोबर, आईचं नाव बरोबर, गाव बरोबर, जात कुणबी. आडनाव मात्र वेगळं. मापारी नव्हे, गावातल्या एका मोठ्या भावकीचं आडनाव. ते मी इथे लिहीत नाही. ते लोक अजून तिथे राहतात.

आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर, त्यानंतर सहा वर्षांनी, स्वच्छ अक्षरात मापारी.

म्हणजे दोन कागद आणि दोन आडनावं. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे दाखवायचं, तर त्या भावकीतल्या कोणीतरी वंशावळीवर सही करून सांगायला हवं होतं की हा माणूस आमच्यातला. सही मिळाली तर दाखला, दाखला मिळाला तर मुलीची जागा. कागद जमा करायच्या मुदतीला सोळा दिवस होते.

मी दादांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी चष्मा न लावताच पाहिले, म्हणजे पाहिलेच नाहीत. "जायाचं तर जा," म्हणाले. "नाना हाय अजून. तो करंल सही. मी येत न्हाई."

नाना त्या भावकीतले सर्वांत वयस्क. शहाऐंशी वर्षांचे. दादांच्या बरोबरीने गावच्या शाळेत होते. मी एका शनिवारी पहाटेची गाडी पकडून गेलो आणि दुपारी त्यांच्या ओसरीवर पोचलो. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. फोल एका बाजूला, दाणे मांडीवरच्या सुपात.

"कुणाचा रं तू?"

"मापाऱ्यांचा. मुंबईचा."

"ममईचा व्हय." त्यांनी हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले, मग माझ्याकडे पाहिलं. "बाप हाय का?"

"आहेत. पाय दुखतात म्हणून आले नाहीत."

"पाय." ते एवढंच म्हणाले.

त्यांच्या सुनेने चहा आणला. कप ठेवता ठेवता म्हणाली, "मापारी हायसा न्हवं, मग साखर मोजून घालू का अंदाजानं?" मी हसलो. कारखान्यातला विनोद इथेही आहे असं मला वाटलं. नाना हसले नाहीत. सूनही हसली नव्हती, हे मला नंतर जाणवलं.

मी वंशावळीचा कागद काढला, नोंदी दाखवल्या, मुलीचं सांगितलं. बोटाने आजोबांचं नाव दाखवून म्हणालो, "नाना, इथे तुमचं आडनाव आहे आणि इथे मापारी. आमच्या पणजोबांकडे गावाच्या मापाचा मान होता, त्यावरून ते पडलं असणार. तुम्ही फक्त..."

"मान?" नाना म्हणाले. "बापानं मान म्हनून सांगितलं तुला?"

मग त्यांनी सांगितलं. मध्ये थांबत, शेंगा फोडत. मी जमेल तेवढं त्यांच्याच शब्दांत लिहितो.

दुष्काळाचं साल होतं. गावचं पेव उघडलं होतं आणि घरटी आठवड्याला आठ शेर जोंधळा द्यायचं ठरलं होतं. बासष्ट घरं. मोजायला माझे पणजोबा, गावाच्या विश्वासातला माणूस. "गावाची रीत हुती. मापाऱ्यानं लाभ म्हनलं की घेनाऱ्यानं डोळं मिटून हात जोडायचं. अन्नाला नमस्कार. मग डोळं उघडून मोजनी बघायची. दोन, तीन, चार. लाभाकडं कुनी बघायचं न्हाई. लाभाकडं काय बघायचं?"

पणजोबा लाभ म्हणताना रिकामं माप धान्यावर टेकवून उचलायचे. समोरचा डोळे उघडायचा तेव्हा माप पहिल्यांदा भरलं जात असे आणि पणजोबा म्हणत असत, "दोन." आठ म्हणेपर्यंत घेणाऱ्याच्या पदरात सात शेर पडलेले असायचे.

"एका बाईला दम न्हवता," नाना म्हणाले. "तिची दोन पोरं निजलेली उठंनात अशी झाल्ती. तिनं घरी जाऊन चिपट्यानं मोजलं. बत्तीस चिपटी पायजेत. अठ्ठावीस भरली. तिला वाटलं आपलीच मोजनी चुकली. दुसऱ्या आठवड्याला परत अठ्ठावीस. तिसऱ्या आठवड्याला तिनं लाभाला डोळं मिटलं न्हाईत."

"मग?"

"मग काय. तवर पोरं गेल्ती. दोन्ही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "ती माझी आजी. माझा बाप तिचा तिसरा. तो वाचला."

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती आणि तो माणूस लाथ मारतच होता.

भावकी बसली आणि तिने पणजोबांचं आडनाव काढून घेतलं. मारलं नाही, गावाबाहेर काढलं नाही. आमचं नाव लावू नकोस, एवढंच. आजोबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं, आणि तिथे उभ्या असलेल्या कोणीतरी सांगितलं, "मापारी हाय त्यो. मापारीच लिवा." मास्तर परगावचे. त्यांनी लिहिलं.

"मापातून चोरलेला जोंधळा कुठे गेला?" मी विचारलं. हा प्रश्न मी का विचारला ठाऊक नाही. सवय असेल.

"घरात," नाना म्हणाले. "तुझा आजा चार वर्साचा हुता तवा. हाडं दिसत हुती त्याची बी. तो जगला."

सही करायला नाना लगेच तयार झाले. मला वाटलं नव्हतं. त्यांनी पेन मागितलं, कागद मांडीवर घेतला आणि टोक टेकवायच्या आधी थांबले.

"तू म्हनलास, कारन लिवायचं असतंय."

"हो. आडनाव का बदललं त्याचं."

"मग खरं लिव. मला दुसरं कायबी नको. शंभर वर्सं झाली, एका बी कागदावर न्हाई ते. त्या पोरांची नावं बी न्हाईत कुठं. सरकारच्या कागदात एकदा येऊ दे. लिवशील?"

"लिहीन."

"बापाची आन?"

मी शपथा घेत नाही. पण मी "हो" म्हणालो. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरून सही केली.

परतीच्या गाडीत मला मोजणीशिवाय दुसरं काही सुचेना. घरी आल्यावर दादांच्या चिपट्यात ज्वारी भरून मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दोनशे वीस ग्रॅम. चार चिपटी म्हणजे शेर, म्हणजे आठशे ऐंशी. बायकोला विचारलं, यात भाकरी किती होतील? ती म्हणाली, बेताच्या केल्या तर नऊ. म्हणजे एका घराच्या आठवड्यातून नऊ भाकरी कमी. सहा माणसांत वाटल्या तर माणशी दीड. त्या दीड भाकरीने ती दोन मुलं जगली असती का? काही तरी जिन्नस आणखी कमी पडत असणार, ताप असणार, पाणी खराब असणार. इथपर्यंत येऊन माझं गणित थांबलं. दुसऱ्या बाजूचं मात्र पूर्ण होतं. बासष्ट घरांचे बासष्ट शेर, म्हणजे आठवड्याला साडेचोपन्न किलोंहून थोडे जास्त. त्यातून चार वर्षांचा एक मुलगा जगला, त्याचा मुलगा दादा, दादांचा मी, माझी मुलगी. यात गाळायला जागा कुठेच नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी दादा गॅलरीत बसले होते. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली.

"नानांनी सांगितलं सगळं."

ते खाली पार्किंगकडे पाहत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी ममईला निघालो तवा बानं सांगितलं. एस्टी यायची हुती, तवर सांगून टाकलं." मग म्हणाले, "बाजारात मला हमालीला घेत हुते. पाठीवरचं काम. मी म्हनलं, मला काट्यावर घ्या. हात जोडलं मुकादमापुढं. दोन वर्सं पोती उचलली, मग काटा दिला."

"म्हणून?"

"म्हणून लाभ भरून म्हनलो. रोज. कुनी बघत न्हवतं, हसत हुते, तरी म्हनलो." ते माझ्याकडे वळले. "किती झाले असतील रं?"

मी हिशोब केला. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दहा हजार दोनशे. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. तो आकडा पुरेसा आहे की नाही हे त्यांनी मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला. 'दुष्काळात धान्याचे खोटे माप दिल्याने भावकीने मूळ आडनाव काढून घेतले.' दहा शब्द. बारीक अक्षरात बसले. मुलांची नावं नानांनाही माहीत नव्हती, त्यामुळे ती घालता आली नाहीत. तेवढं सोडलं तर ते पूर्ण होतं.

अर्ज भरून देणारा माणूस सीवूड्सला एका गाळ्यात बसतो. संगणक, प्रिंटर, भिंतीला लावलेली कागदपत्रांची यादी. त्याने मसुदा वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्ची मागे ढकलली.

"साहेब, ही काय स्टोरी लिवलीय?"

"खरी आहे."

"खरी असेल ना. पण बगा, 'भावकीने आडनाव काढून घेतले'. समोरचा काय वाचणार? भावकीने ह्यांना काढला, म्हणजे हे त्यांच्यातले नाय. झाली क्वेरी. मग सुनावणी, मग गावातून पुन्ना माणसं आणा. मुदत किती ऱ्हायली?"

"अकरा दिवस."

"अकरा दिवसांत सुनावणी पण लागत नाय. पोरीची सीट गेली समजा." त्याने माझ्याच पेनने माझ्या ओळीखाली रेघ मारली. "एक शब्द टाका, 'व्यवसायावरून'. मापारी म्हणजे मापाचा धंदा, सिंपल. खोटं काय त्याच्यात? मॅटर क्लोज."

मी कागद घेऊन घरी आलो. मुलगी तिच्या खोलीत दार लावून कुठल्या कॉलेजचं अंतर किती ते बघत होती. तिला मी गावची गोष्ट सांगितली नव्हती. बायकोला सांगितली होती. ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही. तुमच्या घरचं आहे." मग जरा वेळाने म्हणाली, "पण ती पोर वर्षभर झोपलेली नाही नीट."

दादांना मी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. दहा शब्दांची आणि एका शब्दाची. म्हणालो, नानांना शब्द दिला आहे. तुमच्या नावाने दिला आहे.

"पोरीचं बघ," दादा म्हणाले.

पणजोबांनी पहिल्यांदा रिकामं माप टेकवलं, त्या दिवशी त्यांच्या घरातही कोणी तरी हेच म्हणालं असेल. हा विचार मला तेव्हा आला होता, नंतर सुचलेला नाही. तो येऊनही मी बसलो आणि त्या साडेअकरा सेंटिमीटरांत लिहिलं : 'व्यवसायावरून'. शब्द साडेतीन सेंटिमीटरांत संपला. पुढे आठ मोकळे राहिले.

दाखला मिळाला. पडताळणीही वेळेत झाली. मुलीला जागा मिळाली आणि ती वसतिगृहात राहायला गेली.

दिवाळीनंतर नानांचा फोन आला. त्यांच्या सुनेने लावून दिला असावा, कारण आधी तिचा आवाज आला आणि मग त्यांचा.

"झालं का पोरीचं?"

"झालं, नाना. तुमच्यामुळे झालं."

"लिवलंस?"

"लिहिलं," मी म्हणालो.

"समदं?"

"रकान्यात बसलं तेवढं."

"ब्येस," ते म्हणाले. पलीकडे ते श्वास घेत होते तो ऐकू येत होता. "ब्येस झालं. मी भावकीत सांगितलं समद्यांना. म्हनलं, मापाऱ्याच्या पणतूनं कबूल केलं कागदावर. आता काय ऱ्हायलं?" मग म्हणाले, "जत्रंच्या भंडाऱ्याचा तांदूळ मोजायचाय. पयलं माप तुझ्या बापानं घ्यावं असं ठरलंय. सांग त्याला. म्हनावं, लाभ म्हनायला ये. आता कुनी डोळं मिटनार न्हाई, अन कुनी हसनार बी न्हाई."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. दादा तांदळाचा डबा काढून बसले होते. मी त्यांना सांगितलं, शब्दाला शब्द. ऐकताना त्यांचा चेहरा असा झाला जसा मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता, आणि तो तसा दोन-तीन क्षणच राहिला. मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्या आधीच आलं असेल.

"त्यास्नी काय वाटतंय? समदं लिवलंय?"

"हो."

"तू तसं सांगितलंस?"

"लिहिलं म्हणालो. किती ते नाही सांगितलं."

"म्हंजी लाभ म्हनलास," दादा म्हणाले.

त्यांनी डब्याचं झाकण हातात धरून ठेवलं होतं. "जायाचं न्हाई. काय तोंडानं जाऊ? पाय दुखत्यात म्हनून सांग." मी तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन केला आणि पाय दुखतात म्हणालो. नाना पलीकडून म्हणाले, "पाय," आणि मग आवाज आला नाही. फोन कोणी ठेवला ते कळलं नाही. जत्रा झाली. पहिलं माप कोणी घेतलं याची मी चौकशी केली नाही.

मागच्या महिन्यात मुलगी दोन दिवस घरी आली होती. रविवारी सकाळी ती ओट्यापाशी चहा पीत उभी होती आणि दादा तांदूळ मोजत होते. चिपटं भरलं, शीग तळव्याने सपाट केली.

"एक," दादा म्हणाले.

"आजोबा, चुकलात," ती हसून म्हणाली. "लाभ."

दादांनी चिपटं पुन्हा डब्यात ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा शीग काढली, प्रकाशाकडे धरून काठापर्यंत आलंय ना ते पाहिलं, आणि पातेल्यात घालताना पुन्हा म्हणाले, "एक."